गोळ्यांचा कौल

गोव्यातल्या पार्से गावच्या डोंगरावर काजूची बोंडं पायांनी मळायचं काम माझे वडील करायचे. डोंगर दुसऱ्याचा, फेणीची भट्टी दुसऱ्याची, पाय तेवढे आमचे. हंगामात घरातल्या प्रत्येक कपड्याला बोंडांच्या रसाचा वास यायचा. मी शाळेत बसले की शेजारची मुलगी नाक दाबून धरायची. हंगाम संपला की वडील दुसऱ्यांच्या शेतांवर जायचे आणि आई माडाच्या चुडतांच्या झापा विणायची. सुक्या बांगड्याचा एक तुकडा चुलीत भाजून ती आम्हा सगळ्यांना वाटायची आणि स्वतः बोटं चाटत पेज प्यायची. ‘म्हाका बांगडो सोसना,’ म्हणायची. आम्हाला ते खरं वाटायचं.

मागच्या पडवीत वडिलांची थोरली बहीण बसलेली असायची, वत्सलाआते. बाळंतपणानंतर ती बोलायची थांबली होती आणि मुलाला जवळ घेईना झाली होती. सासरच्यांनी तिला मुलासकट आमच्याकडे आणून सोडलं. कोणी म्हणालं देवचाराने झपाटलं, कोणी म्हणालं सोंग करते. तिचा मुलगा शानू माझ्या आईने वाढवला. तो माझ्या आईला आई म्हणायचा आणि आपल्या आईला नावाने हाक मारायचा. ‘वत्सल, म्हजो शर्ट खंय?’ ती उठून शर्ट आणून द्यायची. यात कोणाला वाईट वाटावं असं काही आहे, हे आमच्या घरात कुणाला कधी सुचलंच नाही.

अशा घरातून मी बी.ए. झाले. आमच्या वाड्यावरची पहिली, मुलगे धरूनसुद्धा पहिली. हे मी मोठ्याने सांगते आणि सांगत राहणार आहे. वडिलांनी पदवीच्या कागदाला चौकट करून ती देवाच्या तसबिरीशेजारी लावली. अक्षर त्यांना येत नव्हतं, पण चुलीचा धूर काचेवर बसला की ते ती रोज पंच्याने पुसायचे. पुढे बी.एड. केलं, डिचोलीकडच्या एका हायस्कुलात मराठी आणि इतिहास-भूगोल शिकवायला लागले आणि लग्न होऊन तिथल्याच सर्वण गावी आले. माझे यजमान बाजारातल्या धान्याच्या दुकानात कामाला होते. सासूबाईंना सगळा गाव मांय म्हणायचा, मीही म्हणू लागले. गोव्याचं घटकराज्य झालं त्याच्या आदल्या दिवाळीत मला मुलगी झाली. स्मिता.

दुसऱ्याच्या घरातलं रडणं

मुलगी रडायची तेव्हा मला वाटायचं, शेजारच्या घरात कोणाचं तरी मूल रडतंय, घेत का नाहीत त्याला? मग मांय हाक मारायची, ‘सुने, भुरगें रडटा!’ आणि मला आठवायचं की ते माझं आहे.

झोप गेली. भूक गेली. दूध आटलं. अंगात रक्त नव्हतं, जिना चढताना धाप लागायची. मुलीला वरचं दूध सुरू केलं तर तिला जुलाब लागले आणि ती सुकायला लागली. मनाचा आजार मनातच राहत नाही, हे मी तेव्हा शिकले. तो आईच्या रक्तात उतरतो आणि मुलाच्या वजनात दिसतो.

सगळ्यात वाईट होती ती भीती. विहिरीजवळून जाताना मुलगी हातात असली की माझे हात माझे राहायचे नाहीत. मी तिला खाली ठेवायची आणि आत पळायची. मांयने दृष्ट काढली, मिरच्या जाळल्या, शेजारणींनी अंगारे दिले. मी कोणाला काही सांगितलं नाही. बी.ए., बी.एड. झालेल्या बाईने काय सांगायचं? रोज माझ्या डोळ्यांपुढे पडवीतली वत्सलाआते यायची. माझी मुलगीही एक दिवस मला नावाने हाक मारणार, आणि मी उठून तिचा फ्रॉक आणून देणार.

आडवं झाड

एक दिवस यजमानांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि शेजाऱ्यांची स्कूटर मागून आणली. मुलगी मांयजवळ ठेवून आम्ही पणजीला निघालो. त्या डिसेंबरात राजभाषा कोकणी की मराठी यावरून आंदोलन पेटलं होतं, बसगाड्या बंद होत्या. आमचं घर मराठीवाल्यांचं. म्हणजे घोषणा मराठीच्या, घरातली भांडणं मात्र कोकणीतच. वाटेत एका वळणावर आडवं टाकलेलं झाड आणि त्याच्यापुढे कोकणीवाली तरुण मुलं उभी.

‘खंय वता?’

‘बायल दुयेंत आसा. इस्पितळांत व्हरतां.’

त्यातल्या एकाने यजमानांना ओळखलं. ‘तूं मराठीवालो मरे! डिचोलीच्या सभेंत पळयला तुका, घोषणा दितालो!’

‘व्हय रे, मराठीवालो,’ यजमान म्हणाले, ‘पूण आतां बायलेचो घोव.’

मुलं हसली. त्यांनी चौघांनी स्कूटर उचलून झाडापलीकडे ठेवली. एकाने माझा हात धरून मला फांद्यांमधून नेलं आणि म्हणाला, ‘सांबाळ गे वयनी, पांय दी हांगा.’ त्या दिवसांत मला कशाचंच काही वाटत नव्हतं, पण तो हात गरम होता एवढं आठवतं.

पणजीच्या त्या इस्पितळाला लोक सरळ वेड्यांचं इस्पितळ म्हणायचे. डॉक्टर मधल्या वयाचे, सासष्टीकडचे. त्यांनी विचारलं, ‘बाळाकडे बघून काय वाटतं?’

‘भीती.’

‘कसली?’

‘माझ्या हातून काही होईल.’

यजमानांनी मान खाली घातली. मी हे पहिल्यांदाच बोलले होते. डॉक्टर दचकले नाहीत. ‘हे सांगितलंत, फार चांगलं केलंत,’ ते म्हणाले. ‘हा आजार आहे. बाळंतपणानंतर पुष्कळ बायकांना होतो. बरा होतो.’

‘बरा म्हणजे किती?’

‘शाळेत पुन्हा मुलांवर ओरडाल इतका.’

मी रडायला लागले. मला वत्सलाआते आठवली. इतकी वर्षं तिच्या दुखण्याला नाव होतं, औषध होतं, आणि आम्ही तिला पडवीत बसवून ठेवलं होतं.

रोझालीनबाय

डॉक्टरांनी मला ठेवून घेतलं. इस्पितळाबद्दल माझ्या मनात साखळदंड होते. प्रत्यक्षात तिथे सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजायचा, चहासोबत उंडो हा गोल पाव मिळायचा, मग गोळ्या, मग वेण्या. वेण्या घालणं हा वॉर्डातला मोठा कार्यक्रम होता. ज्या बाईला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं, तिला दुसरीची पाचपेडी वेणी सुरेख घालता यायची.

माझ्या शेजारच्या खाटेवर कोलवाळची रोझालीनबाय होती. तिचा नवरा मोझांबिकात रेल्वेत कामाला होता, आयुष्य तिचं तिकडेच गेलं. तिथे पोर्तुगीजांचं राज्य संपून धामधूम झाली, नवरा वारला, आणि ती एक पेटी घेऊन गोव्याला परत आली. इकडे तिला कोणी ओळखेना, तेव्हा तिची झोप उडाली. आता ती बरी होत आली होती आणि वॉर्डावर राज्य करत होती.

पहिल्याच सकाळी तिने माझा उंडो स्वतःच्या चहात बुडवला. मी काही बोलले नाही. तिने दुसरा तुकडा बुडवला.

‘आगे, झगड मगो माझ्याकडे! तूं टीचर, आनी तुजो उंडो चोरला तरी उगी बसता?’

‘खा तुम्ही. मला नको.’

‘म्हणजे खरंच दुयेंत आसा,’ ती म्हणाली आणि बुडवलेला तुकडा माझ्याच तोंडात कोंबला.

मी आफ्रिका वर्गात शिकवली होती. आमच्या पुस्तकात आफ्रिका म्हणजे वाळवंट, हिरे आणि सिंह. तिथे बाळंतीण बाई असते हे पुस्तकात नव्हतं. रोझालीनबायने सांगितलं ते तिच्या घरी कपडे धुणाऱ्या बाईचं. तिचा नवरा लांब सोन्याच्या खाणींत गेलेला, वर्षाने एकदा यायचा. बाळ झालं आणि ती गप्प झाली. हिवतापाने अंगातलं रक्त आटलेलं, बाळाला ताप. मिशनच्या दवाखान्यात तापाचं औषध मिळालं, पण तू बोलत का नाहीस हे तिला कोणी विचारलं नाही. दवाखान्यापुढे रांग केवढी, विचारणार कोण?

‘मग?’

‘मग म्हाताऱ्या बायका आल्या. चटया घेऊन. रोज दोन-तीन जणी तिच्या दारात बसायच्या.’

‘काय करायच्या?’

‘कांय ना. बसपाच्यो. भुईमुगाच्यो शेंगो सोलपाच्यो. तिच्यापुढेही टाकायच्या शेंगा. सोललीस तर सोल, नाही तर नाही.’

‘आणि बऱ्या व्हायच्या सगळ्या?’

रोझालीनबाय खोटं बोलणारी नव्हती. ‘ना गो. ही जाली बरी. कांय जाणी मेल्यो. भुरगींय मेलीं. गोळयो खंय आशिल्ल्यो थंय?’ मग म्हणाली, ‘पूण एकटी कोण मरूंक ना.’

आमच्याकडे गोळ्या होत्या. माझ्या डोक्यात तो विचार पक्का बसला, की ज्यांच्याकडे नाहीत त्यांनी बसायची रीत काढली, आणि जिथे आहेत तिथे मी त्या जिभेखाली लपवायचं मनात आणत होते. त्या दिवसापासून मी नीट गिळू लागले. महिन्याभरात मला पोदेराच्या भोंग्याची वाट बघावीशी वाटू लागली. घरी निघाले तेव्हा रोझालीनबायने मला अख्खा उंडो दिला, न बुडवलेला.

देवाने हो म्हटलं

घरी आल्यावर मांयने देवळात कौल लावला. आमच्याकडे ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे. गुरव मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतो आणि देवाला प्रश्न विचारतो. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मांयने विचारलं, ‘सून बरी जातली मरे?’ उजवी पडली. मांय रडत घरी आली, सगळ्या वाड्याला साखर वाटली आणि माझ्या गोळ्या उचलून फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवून दिल्या.

‘देवान हो म्हळां. आतां गोळयो कित्याक गो? देवाचेर विश्वास ना अशें दिसतलें.’

मीही हट्ट धरला नाही. गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं, हात थरथरायचे, आणि देवाने हो म्हटल्यावर आपण नाही कशाला म्हणायचं?

शिमगा आला तोपर्यंत सगळं परतलं. आधी झोप गेली. मग पोदेर भोंगा वाजवून निघून गेला तरी मी उठेना. मग मी विहीर टाळायला घराला मागून वळसा घालून जाऊ लागले. एक दिवस जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, अलीकडे बसले होते तेव्हा अंगणात यजमानांच्या काकी मांयला म्हणाल्या, ‘हिका पार्से पावय. भुरगें हांगा रावूं, आमी वाडयतलीं.’

मांयने त्यांना अडवलं नाही. वत्सलाआतेचं जे झालं ते आता माझं व्हायचं होतं. तिच्यासोबत निदान मूल तरी पाठवलं होतं, मला तेही मिळणार नव्हतं. मी उठले, दुकानात निरोप धाडला आणि यजमान आले तेव्हा एवढंच म्हणाले, ‘मला पणजीला न्या. आणि मांयलाही सोबत घ्या.’

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मांय पदर सावरून, मान ताठ करून बसली होती.

‘देवाने हो म्हटलं ना?’ डॉक्टर म्हणाले. ‘मलाही तेच वाटतं, ही बरी होणार. पण गोळ्या बंद करू का, हे देवाला विचारलंत?’

मांय पदर बोटाला गुंडाळू लागली.

‘विचारलंत?’

‘ना.’

‘म्हणजे ते तुम्ही ठरवलंत. देवावर कशाला घालता?’

मांयला कोणी असं बोलल्याचं मी पाहिलं नव्हतं. मला वाटलं आता ही उठून जाते. ती म्हणाली, ‘बरें. विचारतां.’

आता डॉक्टर घाबरले. ‘आणि डावी पडली तर?’

‘जाल्यार परत विचारतां,’ मांय म्हणाली. ‘देव आमचो आसा, दोतोर. तुमी भियेवं नाकात. पूण ती गोळी तिका आजच्यान दिया. कौल लावीसर कित्याक रावप?’

यजमान खोकत बाहेर गेले. ते हसत होते हे मला नंतर कळलं.

व्हय म्हाराजा

देवळात कौलाच्या सकाळी वाड्यावरची दहाबारा माणसं जमली होती. कौल म्हटला की आमच्याकडे माणसं आपोआप जमतात. गुरवाने पाकळ्या लावल्या आणि हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं.

‘बा देवा म्हाराजा! ही तुजी सून, भुरगें जाल्या उपरांत मनान दुयेंत पडली…’

‘व्हय म्हाराजा!’ सगळे.

‘पणजेच्या दोतोरान तिका गोळयो दिल्यात…’

‘व्हय म्हाराजा!’

‘सकाळची च्या घेतल्या उपरांत एक…’

‘व्हय म्हाराजा!’

‘रातीं जेवल्या उपरांत दोन…’

‘दोन न्हय रे!’ मांय मागून ओरडली. ‘देड! देवाक खोटें सांगता?’

गुरव गडबडला. ‘रातीं देड, म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’ सगळा वाडा एका सुरात.

मला हसू आलं. कुठून आलं ते कळलं नाही, पण आलं आणि थांबेना. मी पदर तोंडात धरला तरी खांदे हलत होते. कित्येक महिन्यांत मी हसले नव्हते. काकींनी डोळे वटारले, देवाच्या दारात हसते म्हणून. मांयने माझं मनगट घट्ट धरलं. मला वाटलं ती दटावणार, पण तिचेही खांदे हलत होते.

पाकळ्या मात्र हलेनात. गुरव वाट बघतोय, लोक वाट बघताहेत. डावीकडची पाकळी जराशी सुटली आणि लोंबू लागली. माझं हसू तिथेच गेलं. त्या क्षणी मला माझं उत्तर कळलं. डावी पडली तरी मी गोळी घेणार होते. मनातल्या मनात मी देवाची क्षमा मागितली आणि त्याला सांगून टाकलं, ‘रागाव हवं तर. मला माझी मुलगी वाढवायची आहे.’

उजवी पडली. टप्प असा आवाज झाला असं मला अजून वाटतं, पण पाकळीचा कसला आवाज!

घरी गेल्यावर मांयने वरच्या फळीवरच्या गोळ्या उतरवल्या आणि देव्हाऱ्यात, हळदकुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवल्या. त्यानंतर चहा झाला की तिची हाक यायची, ‘सुने, म्हाराजाची गोळी घे!’ एक दिवस चुकू दिला नाही. डॉक्टरांच्या परिचारिकेलाही इतकी शिस्त नव्हती.

सोलां

गोळ्या कामाला लागायला वेळ लागतो. तो मधला काळ कठीण असतो, आणि त्याच काळात माणसं धीर सोडतात. मी मांयला रोझालीनबायची गोष्ट सांगितली, चटया घेऊन बसणाऱ्या बायकांची. मांयने विचार केला आणि म्हणाली, ‘आमकां शेंगो खंय? पूण भिरणां आयल्यांत.’

भिरणां म्हणजे कोकमाची फळं. ती फोडून सालं वाळवली की त्यांची सोलां होतात. दुसऱ्या दिवसापासून मांय टोपली घेऊन माझ्याशेजारी सोप्यावर बसू लागली. दोन शेजारणी आल्या. मग काकीही आल्या, कारण सगळ्या जणी एकीकडे असताना काकींना घरी राहवत नसे. कोणी मला ‘कसं वाटतंय’ विचारायचं नाही. सुनांच्या कागाळ्या, बाजारातला बांगड्याचा भाव, राजभाषेत कोण जिंकलं कोण हरलं यावरची भांडणं चालायची. माझ्यापुढेही भिरणां टाकलेली असायची. बोटं लाल व्हायची.

एका सकाळी अंगणात माझे वडील आले आणि त्यांच्यामागे वत्सलाआते. पार्सेची पडवी सोडून ती कुठे गेल्याचं मला आठवत नव्हतं. वडील म्हणाले, ‘तुजेकडे सगळ्यो बसतात, अशें सांगलें तिका. उठली आनी माज्याफाटल्यान चलूंक लागली.’

ती माझ्याशेजारी बसली. एक भिरण उचललं, फोडलं, सालं एका बाजूला, बिया एका बाजूला. दुपारपर्यंत एक शब्द नाही. मग आत स्मिता रडायला लागली. सवयीने मांय उठू लागली.

वत्सलाआतेने मांयचा पदर धरला. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘तूं वच.’

इतक्या वर्षांनी ऐकलेले तिचे दोन शब्द. मी लाल हातांनीच आत गेले. रडणं आमच्याच घरातलं होतं, माझ्या मुलीचं होतं, दुसऱ्या कोणाचं नव्हतं. मी तिला उचललं. हात माझेच राहिले. तिच्या पांढऱ्या झबल्यावर माझी पाचही बोटं कोकमाच्या रंगात उमटली. ते डाग कधी गेले नाहीत, आणि मांयने ते झबलं कोणाला देऊही दिलं नाही.

आता

घटकराज्य झालं त्या दिवशी डिचोलीत फटाके वाजत होते. यजमान अजून राजभाषेवरून रुसलेले होते, पण मुलीला खांद्यावर घेऊन बघायला गेलेच. जूनमध्ये शाळा उघडली आणि पहिल्याच आठवड्यात मी आठवीच्या वर्गावर अशी ओरडले की मुख्याध्यापक दारात आले. मी मनातल्या मनात डॉक्टरांना नमस्कार केला. भूगोलात आफ्रिका आली की मी वाळवंट आणि हिरे शिकवते, आणि मग चटया घेऊन बसणाऱ्या बायकाही शिकवते. परीक्षेत ते येत नाही.

वत्सलाआतेलाही मी डॉक्टरांकडे नेलं. ती पूर्ण बरी झाली असं मी म्हणणार नाही, फार उशीर झाला होता. पण तिला झोप लागू लागली आणि तेरेखोलच्या फेरीबोटीत बसून ती वाऱ्याला हसली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. शानू त्या दिवशी आमच्यासोबत होता. उतरताना त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, ‘सांबाळ, आई.’ ती इकडेतिकडे बघू लागली, कोणाला म्हणतोय म्हणून.

हे वाचणारी कोणी बाळंतीण असेल, किंवा तिच्या घरचं कोणी असेल, तर माझं सांगणं थोडं आहे. भीती वाटते ती डॉक्टरला बोलून दाखवा. देवाला विचारायचं असेल तर जरूर विचारा, पण गोळी चालू ठेवून विचारा. आणि तिच्याशेजारी जाऊन बसा. हातात काहीतरी काम घेऊन बसा.

मला त्यानंतर तो आजार पुन्हा झाला नाही. माझी मुलगी मी वाढवली.